आबांच्या हातची घंटा

डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं होतं, जोर लावून काही ओढायचं नाही. हृदयाचं ऑपरेशन होऊन आबा, म्हणजे माझे वडील, नुकतेच घरी आले होते. पण रविवार उजाडला तसे ते निघालेच. आमच्या गावच्या चर्चची घंटा जन्मभर त्यांनीच वाजवलेली. मी आडवी गेले, तर म्हणाले, "घंटा काय ट्रक हाय का, ओढायला?" आबांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उपासना घेणारे पाळकसाहेब तळेगावहून गाडीवर येतात. आज लवकर पोचले तर ते अडवतील, अशी मनाची समजूत घालून मी कणीक मळायला घेतली.

हात कणकेत, कान घंटेकडे. चाकणच्या कंपन्यांच्या बसगाड्या आमच्या दारावरूनच जातात. त्यांच्या आवाजात एखादा टोल बुडाला की जीव टांगणीला लागायचा. रविवारची घंटा आबा सलग, घाईघाईने वाजवतात. मयताची निराळी. एक टोल द्यायचा, त्याचा आवाज पुरता विरू द्यायचा, मग दुसरा. ही खूण सगळ्या गावाला ठाऊक आहे, चर्चला येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांनाही. ती ऐकली की लोक हातातलं काम टाकून निघतात.

सुरुवातीचे टोल ठीक पडले. मग मधलं अंतर वाढत गेलं. एक टोल. बराच वेळ काही नाही. पुन्हा एक. आबा दम खातायत हे मला कळत होतं. तरी घंटा वाजतेय म्हणजे आबा आहेत, एवढंच मी धरून बसले.

तेवढ्यात शेजारच्या काकू तव्यावरची भाकरी सोडून धावत आल्या. "कसं झालं गं पोरी? काल तर माझ्याशी बोललं," म्हणत त्यांनी मला मिठीच मारली. मागोमाग आणखी चारदोन जण. आबा आजारी आणि घंटा मयताची, तेव्हा दुसरं कुणीतरी आबांसाठीच वाजवतंय, असं सगळ्यांनी धरलं होतं. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू.

"काकू, आबाच वाजवतायत. मला ऐकू द्या," मी म्हणाले.

सगळ्यांनी कान लावले. पुढचा टोल पडलाच नाही.

मी पिठाच्या हातांनी पळत सुटले, सगळे माझ्यामागे. आबा घंटेखाली खांबाला टेकून बसले होते. घामाने डबडबलेले, दोर हातात तसाच. ते श्वास घेतायत हे पाहून मला रडूच फुटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंचे ओले डोळे पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं. "मला कुणी सांगितलं न्हाई ते."

आबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग हातातल्या दोराकडे पाहिलं.

"धर," दोर माझ्या हातात देत ते म्हणाले. "जरा घाईनं वाजीव."