तिकडे आठ, इकडे साडेसहा

मस्कतला संध्याकाळचे साडेसहा झाले की आमच्या शहापूरकडे आठ वाजलेले असतात. तेवढा अर्धा तास नर्स होस्टेलच्या हॉलमधला टीव्ही माझा. एरवी तो केरळच्या मुलींचा; त्या सात, मी एकटी. हा अर्धा तास मी भांडून मिळवला होता, आणि तोही मालिकेच्या प्रेमापोटी नाही. मालिका रद्दड होती. पण गावात आई त्याच वेळी तीच मालिका बघते, एवढ्यासाठी मी ती मुकाट्याने गिळत होते.

टीव्ही मीच घेऊन दिला होता. इकडे यायच्या आधी माजघरात, आईच्या खाटेवरून नीट दिसेल असा भिंतीला लावून घेतला. मालिका संपली की मी फोन करायची. आईचा फोन साधा, बटणांचा. ती म्हणायची, "तू सांग आधी." मी सगळं सांगायची आणि शेवटी ती म्हणायची, "हां गो, बघितलं." मला वाटायचं, म्हातारीला माझा आवाज ऐकायचा असतो. स्वतःबद्दल असलं काहीबाही वाटून घ्यायला परदेशात वेळ भरपूर मिळतो.

एकदा वॉर्डात उशीर झाला आणि भाग चुकला. आई वाट बघत असेल म्हणून मनानेच काहीतरी ठोकून दिलं: सासूने सुनेच्या बांगड्या विहिरीत टाकल्या. आई म्हणाली, "बघितलं गो. हात तरी कसा धजला तिचा." दुसऱ्या दिवशी कळलं, त्या भागात सासू नव्हतीच.

सरळ विचारायचं सोडून मी तिची परीक्षा घेतली. मालिकेतला सासरा तिचा लाडका. त्या घरात तोच एक सरळ माणूस, असं ती नेहमी म्हणायची. मी त्यालाच मारून टाकलं. "आज म्हातारा गेला, आये," म्हटलं. आई म्हणाली, "बघितलं. मला लय रडाया आलं." त्या दिवशीच्या भागात म्हातारा चांगला पाटावर बसून जेवला होता.

भावाला फोन करून विचारता आलं असतं. नाही विचारलं. उत्तर काय येणार ते कळलं होतं, आणि ते ऐकल्यावर काहीतरी करावं लागलं असतं. रोजचं मालिकेचं सांगणं मात्र चालू ठेवलं.

चार महिन्यांनी सुट्टीवर घरी आले तेव्हा माजघराच्या भिंतीवर स्क्रूची भोकं तेवढी होती. टीव्ही भावाच्या खोलीत. "ते आसनगाववरनं कल्याणला जातात, दमून येतात. त्यांना पडून बघाया लागतो," असं वहिनीने मी न विचारताच सांगितलं. नेऊन वर्ष झालं होतं. माझ्या हातचा चहा पिऊन तिने आठ वाजता खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आई ओटीवर येऊन बसली आणि सवयीने फोन मांडीवर घेतला. मी तिच्यासमोर बसलेली असून.

माझं डोकं फिरलं. आत्ताच्या आत्ता टीव्ही उचलून आणते, म्हणत मी उठले. आईने मनगट धरलं.

"बस खाली. तू भांडशील नि जाशील विमानात बसून. या घरात रोज मला ऱ्हायचं हाय."

मी बसले. भावावरचा राग तोंडात तसाच राहिला, कारण ती बोलत होती ते माझ्याबद्दलही होतं. मी गेले होते, आणि परत जाणार होते.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तो म्हातारा खरंच गेला का गो? नंतर तू त्याचं काय बोललीच नाय."

"नाय, आये. तो हाय. मी मुद्दाम सांगितलं तसं. तू बघतेस का नाय, ते कळाया."

ती फोनच्या बटणांवरून अंगठा फिरवत राहिली.

"बघितलं म्हणाले ते खोटं," ती म्हणाली. "पन रडले ते खरं गो."