शेवटच्यासाठी टाळ्या

कवळीवाला पळायला लागला की आधी त्याचं पोट पुढे जायचं, मग गुडघे, आणि डोकं मागाहून नाइलाजाने यायचं. बघणाऱ्याला हसू आवरायचं नाही, आणि आवरावं असं कुणाला वाटायचंही नाही. वय पन्नाशीच्या पुढचं, केस विरळ, आणि कानामागे प्लास्टरची पांढरी भुकटी कायमची बसलेली. कितीही आंघोळ करा, ती काही जायची नाही.

त्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायचे, आणि हा एका खोलीत, खिडकीला लावलेल्या टेबलापाशी बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा. मेण गरम करायची छोटी बत्ती, घासायचं यंत्र, फळीवर ओळीने मांडलेले जबडे. त्याने केलेले दात घालून गावभर माणसं हसत होती, जेवत होती, एकमेकांशी भांडत होती. त्यातल्या एकानेही त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. शाबासकी मिळायची ती डॉक्टरांना. कवळी टोचली की मात्र याला फोन यायचा.

वजन उतरवा, असं डॉक्टरने दरडावलं म्हणून तो पोहण्याच्या तलावावर जायला लागला, आणि तिथे त्याला कप्तान भेटला. कप्तान एका पंपाच्या कारखान्यात मॅनेजर होता. अंग काटक, आवाज मोठा. ट्रायथलॉन करणाऱ्या हौशी लोकांचा एक ग्रुप त्याने जमवला होता. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल मारायची, आणि सायकलवरून उतरल्यावर, शहाणा माणूस जिथे आडवा होईल तिथे, पळत सुटायचं. कप्तान म्हणाला, "काका, तुमच्यासारखा माणूस हवाय आम्हाला." कवळीवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपल्यासारखा म्हणजे नक्की कसा, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

ग्रुपचं नाव पोलादी मंडळी. सगळी नोकरी-धंद्याची माणसं, पहिला नंबर कुणाच्याच नशिबात नाही. सकाळी जो तो आपला पराक्रम फोनवर टाकायचा. कोण किती पोहला, कुणाची नाडी किती चालली, यंदा कुणाला काय गाठायचंय. त्याखाली बाकीचे "जबरदस्त", "वाघ आहेस" असं लिहायचे. एखाद्याने लिहायचा आळस केला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पराक्रमाखाली शुकशुकाट. असा तो रोखठोक व्यवहार होता. प्रत्येकाने आठवडाभर काय करायचं ते कप्तान ठरवून द्यायचा, आणि प्रत्येकजण ते देववाणी असल्यासारखं पाळायचा.

या मंडळींची एक रीत होती. रविवारी सगळे तळ्यावर जमायचे, पोहून, सायकल मारून, पळून परत यायचे, पण शेवटचा माणूस येईपर्यंत घरी कुणी जायचं नाही. तो लांबवर दिसला की सगळ्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या. मग त्याला मधे घेऊन फोटो. दोन वर्षं हा शेवटचा माणूस कवळीवालाच होता. तो धापा टाकत यायचा, टाळ्यांचा कडकडाट व्हायचा, कुणी पाठ थोपटायचं, कुणी केळं सोलून हातात द्यायचं. "आमचा हिरो!" असं कप्तान ओरडायचा. जन्मात त्याच्यासाठी कुणी इतका वेळ उभं राहिलं नव्हतं. लग्नाच्या वेळीसुद्धा लोक जेवून लगेच गेले होते.

टाळ्या सगळ्यात जोरात वाजवायचे ते शेठ. शेठ म्हणजे फर्निचरच्या मोठ्या दुकानाचे मालक, ग्रुपचे शर्ट त्यांच्याच दुकानाच्या नावाने छापलेले. अंगाने तेही भरलेलेच, एका गुडघ्याला कायम पट्टा. रविवारी कवळीवाल्याच्या जेमतेम पुढे ते पोचायचे, म्हणजे शेवटून दुसरे. पोचले की वळून उभे राहायचे आणि ओरडायचे, "सोडायचं नाही! थांबलात तर संपलात!" कवळीवाल्याला वाटायचं, या जगात आपल्याला जिवाभावाचा मित्र कोण असेल तर तो शेठ.

"ते तुमच्यासाठी थांबतात की तुमच्यामुळे?" बायकोने एकदा कपडे वाळत घालता घालता विचारलं.

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला.

"नाही कळत बाई. मला आपलं एवढं दिसतं, की तुम्ही आलात की सगळ्यांचे चेहरे खुलतात."

तो दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही.

मोठी शर्यत ठरली तेव्हा सगळ्यांनी आपापलं ध्येय फोनवर लिहिलं. कवळीवाल्याने लिहिलं, "यंदा शेवटचा यायचं नाही." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. शेठनी लिहिलं, "काका, तुम्ही शेवटी आला नाहीत तर आम्ही टाळ्या कुणाला वाजवायच्या?" कवळीवालाही हसला. पण आतून त्याने ते मनावर घेतलं होतं. कप्तानाने ठरवून दिलं होतं त्याच्यावर तो रोज गुपचूप थोडं जास्त करायचा. दुपारी दार लावून घेऊन, फळीवरच्या जबड्यांसमोर, हेल्मेटचा पट्टा ओल्या बोटांनी लावायचा सराव करायचा. कारण पाण्यातून निघून सायकलवर बसेपर्यंतचा वेळही शर्यतीत धरतात, आणि नियम असा, की हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही.

शेठना हा नियम तोंडपाठ होता. दुसऱ्यांना ते तो बजावून सांगायचे. पण शर्यतीच्या दिवशी ते पाण्यातून निघाले, घाईघाईने सायकल काढली, आणि मग पट्टा चाचपायला लागले. पंचाने शिट्टी मारली. सायकल परत जागेवर, पट्टा लावा, मग पुन्हा काढा. शेठच्या ओल्या बोटांतून पट्टा निसटत होता, लागता लागेना. तेवढ्यात कवळीवाला आला, एका झटक्यात पट्टा लावला, सायकल काढली आणि निघाला. सायकलवर त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. पळताना पाहिलं. शेठ मागे होते, आणि मागेच राहिले.

शेवटच्या वळणावर त्याचा ऊर भरून आला. आज टाळ्या कशा वाजतील, कप्तान काय ओरडेल, हे सगळं त्याने मनात रंगवलं होतं. रेषा ओलांडून तो मंडळींपाशी गेला. मंडळी झाडाखाली बसून चहा पीत होती.

"अरे, काका? तुम्ही?" कप्तान म्हणाला आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघायला लागला. "मग शेठ कुठायत?"

कुणीतरी "छान हं" म्हणालं. केळी संपली होती. मग लांबवर शेठ लंगडत येताना दिसले, आणि रीतीप्रमाणे सगळे उठून दोन्ही बाजूंना उभे राहिले. कवळीवालाही उभा राहिला. दोन वर्षं टाळ्या घेतल्या, आज द्यायची पाळी होती, आणि त्याने अगदी मनापासून हात उचलले. आपल्या मित्राला आज हे सुख मिळतंय, याचाही त्याला आनंद झाला होता. इतका तो भोळा होता, की चीड यावी.

टाळ्या सुरू झाल्या तसा शेठचा चेहरा लालबुंद झाला. ते जागच्या जागी थांबले आणि कडाडले, "बंद करा! टाळ्या कसल्या वाजवता? मी काय कवळीवाला आहे का?"

टाळ्या थांबल्या. कवळीवाल्याचे हात तसेच अधांतरी राहिले. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. लाज वाटली म्हणून नव्हे, शेठची समजूत काढायची गडबड होती म्हणून. "गुडघ्याने घात केला हो," "हे काही धरायचं नसतं," असं चाललं होतं. फोटो निघालाच नाही.

दोन वर्षांच्या टाळ्या त्याला एकदम ऐकू आल्या, आणि यावेळी नीट ऐकू आल्या. त्या टाळ्यांतून सगळे एका आवाजात म्हणत होते, की बरं झालं, आम्ही हा नाही.

पुढचे काही दिवस त्याच्या पराक्रमाखाली शुकशुकाट होता. मग एका दुपारी, तो मेणात खालचे दात बसवत असताना, कप्तानाचा फोन आला.

"काका, शेठ फार दुखावलेत. ग्रुप सोडतो म्हणतात. एक काम कराल? या रविवारी जरा मागे राहा."

"मागे?"

"म्हणजे नेहमीसारखंच हो. तुम्हाला काय फरक पडतो? तुम्हाला सवय आहे. त्यांना नाही."

कवळीवाल्याने हातातला मेणाचा जबडा बत्तीवर जरा जास्तच धरला. मेण वितळून टेबलावर सांडलं. "बरं," तो म्हणाला. "मागे राहतो. शब्द देतो."

बायकोने ऐकलं तेव्हा तिचा नुसता तिळपापड झाला. "जाऊ नका तिकडे! आणि जायचंच असेल तर एकेकाची बत्तिशी पाडून या. कवळ्या तुम्हीच करून द्या, धंदा तरी होईल!" एरवी तो या बोलण्यावर खो खो हसला असता.

रविवारी तो शेठच्या मागून पाण्याबाहेर आला. सायकलवरही मागेच राहिला. पळायला लागल्यावर मात्र त्याने शेठना गाठलं आणि पुढे न जाता बरोबर एका पावलाच्या अंतरावर मागे लागला. शेठना बुटांचा आवाज आला. त्यांनी वेग वाढवला. कवळीवाल्यानेही वाढवला.

"वा शेठ!" तो गोड आवाजात म्हणाला. "काय पाय पडतायत!"

शेठनी मागे पाहिलं. त्या नजरेत भीती होती, आणि कवळीवाल्याला ती साखरेसारखी लागली. शब्द दिला होता, पुढे जायचं नाही. पण हे शेठना कुठे माहीत होतं? त्यांना वाटत होतं, आता गाठेल, मग गाठेल. म्हणून ते जीव तोडून पळत होते, आणि मागून प्रोत्साहन थांबत नव्हतं.

"सोडायचं नाही, शेठ! थांबलात तर संपलात! अजून थोडंच!"

"पुढे... पुढे जा ना, बाबा," शेठ कसंबसं म्हणाले.

"छे! तुमच्यातली ताकद मला दिसतेय. पळा!"

पट्टा लावलेला पाय आता वाकडा पडत होता. गुडघा खरंच दुखत होता, सोंग नव्हतं. हे त्याला पावलांच्या आवाजावरून कळलं. एवढ्यावर भला माणूस गप्प झाला असता. कवळीवाला दोन वर्षं भला माणूस होता, आणि त्याचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. तो आणखी गोड बोलायला लागला.

मंडळी दिसायला लागली तिथे शेठचा पाय दुमडला. कट्‌ असा आवाज झाला आणि ते रस्त्यावर कोसळले. कवळीवाला थांबला. दोन पावलं टाकली असती तर तो पुढे गेला असता. तो गेला नाही. शेठच्या डोक्याशी उभा राहून म्हणाला, "उठा. मी थांबलोय तुमच्यासाठी."

हे दृश्य बघून मंडळींना भरून आलं. "ऊठ शेठ! ऊठ! होईल!" सगळे एका सुरात ओरडायला लागले आणि टाळ्या सुरू झाल्या. शेठ नको नको म्हणून हात हलवत होते, ते कुणाला कळलं नाही. टाळ्या थांबेनात. शेवटी तो मोठ्या दुकानाचा मालक दोन्ही हात आणि एका गुडघ्यावर रांगत, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत, सगळ्यांच्या मधून पलीकडे गेला. त्याच्या मागून कवळीवाला सावकाश चालत आला. शेवटचा.

शेठना गाडीत घालून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. मग कप्तान कवळीवाल्याकडे आला. आता याला कळलंच असणार, असं कवळीवाल्याला वाटलं. पण कप्तानाचे डोळे ओले होते.

"काका, मानलं तुम्हाला. शब्द पाळलात. पुढे जाऊ शकत होतात, पण त्यांच्यासाठी थांबलात. याला म्हणतात पोलादी माणूस." मग नाक पुसून तो म्हणाला, "पुढच्या रविवारी दोन नव्या बायका येतायत. जरा जड आहेत, बिचाऱ्या घाबरतायत. त्यांच्या मागून तुम्हीच पळा."

"पळतो की," कवळीवाला म्हणाला.

दुपारी शेठच्या बायकोने ग्रुपवर कळवलं. गुडघा पार गेला, ऑपरेशन करावं लागेल, पळणं आता कायमचं बंद. मग पहिलं उत्तर कवळीवाल्याचं आलं, "शेठ, हिंमत हरायची नाही. दर रविवारी आम्ही तुमची वाट बघू." त्याखाली लगेच "वा काका", "काका ग्रेट" अशी रांग लागली. रांग संपेपर्यंत कवळीवाला वाचत राहिला, त्याला फार बरं वाटलं, आणि मग फोन बाजूला ठेवून त्याने फळीवरचा पुढचा जबडा कामाला घेतला.