देवीच्या पायाशी कादंबरी

पिकलेल्या बोरांचा वास आला की मला बेहालातलं आमच्या गल्लीतलं वाचनालय आठवतं. थंडी ओसरत आली होती. वडिलांची नागपूरला बदली झालेली, संध्याकाळची गाडी, आणि बांधाबांधीत त्यांनी आईची कादंबरी, त्या वाचनालयातली एकुलती एक मराठी, तिला न विचारता परत करून टाकली होती. त्यांचा तो व्यवस्थितपणा अजून माझ्या डोक्यात जातो. शेवटचं प्रकरण तिथेच बसून वाचू म्हणून आई मला घेऊन धावली. आपल्याकडे सरस्वतीपूजन दसऱ्याला; तिथे बंगाल्यांत ते वसंत पंचमीला असतं आणि ती आजच आहे, हे तिच्या लक्षातच नव्हतं. टेबलावर मूर्ती, पायाशी पुस्तकांची चळत, आणि सगळ्यात वर, झेंडूच्या फुलांखाली, आईची कादंबरी. "आज किताब को हाथ नहीं लगाते, दीदी. कल आइए," ग्रंथपाल म्हणाले. "कल हम यहाँ नहीं होंगे," आई म्हणाली. त्यांनी प्रसादाची बोरं तिच्या ओंजळीत ठेवली. गाडीत वडील म्हणाले, "अगं, नागपुरात मिळेल की." मिळालीही. पण आईने ती कधी उघडली नाही. आता ती प्रत माझ्याकडे आहे. मी वाचत जाते, आणि शेवटचं प्रकरण आलं की माझाही हात आखडतो.