छबूबाईंचं वाचून न झालेलं पुस्तक

शनिशिंगणापूरच्या अलीकडे एका वस्तीवर आमची शाळा, पाचवी ते सातवी. मी मुख्याध्यापक, आणि छबूबाई पोरांची खिचडी शिजवायच्या. त्या स्वतः कधी शाळेत गेल्या नव्हत्या. मी तापट, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक. छबूबाई तर तोंडावर म्हणायच्या, सरांचं डोकं म्हंजे डाळीचं पातेलं, झाकन ठिवलं की उतू जातं.

त्या वर्षी शाळेला ऐंशी-नव्वद गोष्टींची पुस्तकं मिळाली. मी ती कपाटात कुलूपबंद केली. बघा ना, आमच्याकडे घरांना नुसत्या चौकटी, दारं नाहीत, आणि मी कुलूप लावून बसलो! शाळा तपासायला आलेल्या केंद्रप्रमुखांनी ती कोरी करकरीत पुस्तकं पाहिली आणि म्हणाले, दिवाळीपर्यंत पोरांनी वाचायला नेली नाहीत तर तालुक्याच्या मोठ्या शाळेला देऊन टाकू. मला ते फार झोंबलं. दुसऱ्याच दिवशी स्क्रू काढून कपाटाची दोन्ही दारं उतरवली आणि पोरांना सांगितलं, हवं ते न्या, विचारायचंसुद्धा नाही.

पंधरा दिवस एक पुस्तक हललं नाही. पोरं कपाटासमोरून अंग चोरून जायची. मी भडकलो. कार्ट्यांना नुसता मोबाईल द्या, वगैरे बरंच बोललो. छबूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दार नसलेल्या घरातलं न विचारता उचलायचं न्हाई, हे आमी पोरांना रांगत्या वयापासून शिकवतो. तुमी दार काढलं, वर म्हनता विचारू बी नका. ती घेतील कशी?"

वीस वर्षं या भागात नोकरी, अन् एवढं कळू नये!

दुसऱ्या दिवशी जेवणाची रांग लागलेली असताना छबूबाईंनी पदराला हात पुसले, कपाटातलं एक पुस्तक मला विचारून घेतलं आणि सगळ्यांदेखत पिशवीत टाकलं. सातवीतली दिशा चाचरत म्हणाली, मावशी, तुमाला वाचता येतं?

"न्हाई. तू ने एक, सरांना सांगून. पन हितं वाचून दावू नको, मला वाढायचंय. घरी एकटी वाच आन् मला गोष्ट सांग."

दिशाने नेलं. दुसऱ्या दिवशी ताट पुढे करून गोष्ट सांगू लागली, पण मागच्यांना भूक लागलेली, त्यामुळे शेवट राहूनच गेला. छबूबाई दिवसभर हळहळल्या. मग शेवट सांगायचा म्हणून तिच्याच वर्गातल्या रिझवानने तेच पुस्तक नेलं. तिथून जे लोण पसरलं, विचारू नका. कुणाला भुताची गोष्ट, कुणाला विमानाची माहिती, ज्याने त्याने आपलं आपण निवडायचं. काहींनी न वाचता गोष्टी रचूनही सांगितल्या. छबूबाई कव्हरवरच्या चित्रावरून पुस्तक ओळखायच्या, खोटं पकडायच्या आणि हसून परत पाठवायच्या.

दिवाळीआधी केंद्रप्रमुख आले तर कपाट रिकामं. चोरी झाली की काय, म्हणाले. मी त्यांना वस्तीत फिरवलं. दारं नाहीतच, रस्त्यावरून सगळं दिसत होतं. कुठे चुलीशेजारी पुस्तक, कुठे बाजेवर, एका घरी तर शिलाई मशीनवर. तालुक्याच्या शाळेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुस्तकं आमच्याकडेच राहिली, आणि मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी कुणावरच ओरडलो नाही.

वर्षअखेरीला सगळी पुस्तकं परत आली, छबूबाईंचं सोडून. मी मागायला घरी गेलो. देवळीत फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. वाचता येत नाही तर अडवून कशाला ठेवता, मी जरा चिडूनच विचारलं.

"परत दिलं तर पोरं म्हनतील, मावशीचं वाचून झालं," त्या म्हणाल्या. "मग मला गोष्ट कोन सांगंल?"

त्या पुस्तकात काय आहे हे सांगावं म्हटलं, तर तेही जमेना. मुख्याध्यापक असून त्या कपाटातलं एकही पुस्तक मी उघडलं नव्हतं. मग मी त्यांना विचारलं, दोन दिवस मी नेऊ का, वाचून येतो आणि शेवटासकट सांगतो. त्या हो म्हणाल्या. ते मी घरी आणलं आणि जेवायच्या आधीच वाचायला बसलो.