कचरू दलालाची तिसरी बाजू

दलाल म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणारा माणूस, असं सुलेखाचं पक्कं मत होतं. कचरू तर घेणाऱ्याचाही दलाल आणि विकणाऱ्याचाही, मेहनताना दोघांकडून. अशा माणसाच्या भरवशावर, वाळूजच्या कारखान्यात अकरा वर्षं उभं राहून साठवलेला पैसा तिनं शेंद्र्याच्या एका प्लॉटात घालायचा ठरवला होता. रात्री झोप कशी लागणार?

प्लॉट बद्रीनाथचा, वडिलांकडून आलेला. भाव ठरला, आणि ऐन वेळी कचरूनं त्याला विचारलं, “बहीण हाय का तुम्हाला?”

“हाय की. खुलताबादला दिलीय. तिचं काय? कागदावर नाव नाय तिचं.”

“नाव नसलं तरी हिस्सा ऱ्हातो. उद्या तिची पोरं कोर्टात गेली, तर या ताईंनी काय करायचं?”

बद्रीनाथ उखडला. दुसरे दलाल छप्पन मिळतील, असंही त्यानं ऐकवलं. पण कचरू ढिम्म हलेना.

शेवटी रविवारी तिघं खुलताबादला गेले. बहिणीनं, मालनबाईनं, चहा दिला. बद्रीनाथनं घाईघाईनं हक्क सोडल्याचा कागद पुढं केला. “इथं सही कर, आक्का.” मालनबाईनं निमूट पेन घेतलं. बहिणी घेतातच.

“थांबा, आक्का,” कचरू म्हणाला. “सही केली की तुमचा हिस्सा गेला. सोडायचा तर खुशीनं सोडा. नसंल सोडायचा, तर तसं सांगा. सौदा मोडला तरी चालंल.”

सुलेखा थक्क झाली. हा नेमका कुणाचा दलाल? जिच्याकडून दमडी मिळायची नाही, तिचा! जागा हातची जाणार म्हणून जीव खालीवर होत होता, तरी त्या माणसाला हात जोडावेत असं तिला वाटलं.

मालनबाईनं पेन खाली ठेवलं. “बाप जाऊन बारा वर्षं झाली. मला आजवर कुणी इचारलंच नाय. माझा हिस्सा मला पायजे, बद्री.”

बद्रीनाथ लालबुंद झाला. पण बहिणीला तोंडावर नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. “पैशातला तुझा हिस्सा घे,” तो खाली बघत म्हणाला.

रजिस्ट्रीला विकणारे म्हणून दोघांच्या सह्या झाल्या. बाहेर आल्यावर मालनबाईनं सुलेखाचा हात धरला.

“ही जागा तुला मी बी दिलीय, बाई. बिनघोर पाया खण.”