बाप येईल, गप बस

माझ्या सासऱ्यानं माझ्या वडिलांना फसवलं. पोरगा घरीच राहतो, शेती बघतो, असं सांगून सतरा वर्षांपूर्वी मला आखाडा बाळापूरजवळच्या गावात सून करून आणलं. मी पंधरा वर्षांची होते. त्याच दिवाळीनंतर नवरा ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसून गेला. पुढच्या वर्षी मुलगा झाला, तेव्हाही तो उसाच्या फडातच होता. आज वारंगा फाट्यावरच्या माझ्या भांड्यांच्या दुकानात मी प्रत्येक हंडा तीनदा वाजवून घेते. माझं लग्न ठरवताना मात्र मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

सोळाव्या वर्षी रडणारं लेकरू आवरत नाही. सासूनं तोड काढली.

"काहून रडून राहिला रे? बाप येईल, पोत्यात घालून नेईल!"

लेकरू झटकन गप व्हायचं. मग मीही तेच म्हणू लागले. जेवताना, झोपताना, न्हाऊ घालताना.

लेकरू अडीच वर्षांचं असताना चैत्रातल्या एका दुपारी नवरा परतला. खांद्यावर अंथरुणाचं पोतं. दारात उभा राहून हसला, "कुठं हाय माझा वाघ?"

लेकरानं पोत्याकडं पाहिलं आणि आवाज न करता मागं पळालं.

मग ते सापडेचना. गोठा झाला, शेजार झाला. दिरानं विहिरीत गळ सोडला. दोर वर यायला लागला की मी काठावरून आत वाकायचे. एकदा गळाला जड काही लागलं. बादली निघाली. मी तिथंच खाली बसले. सासूनं घरात पाठवलं, तेव्हा आतल्या खोलीतून बारीक खोकला आला. तिथं विकायचा राहिलेला कापूस छतापर्यंत भरला होता.

मी दोन्ही हातांनी ढीग उपसला. ओठ निळे पडलेले, तोंडात कापूस. बोट घालून काढला. त्यानं श्वास घेतला, मागं उभा बाप पाहिला आणि माझ्या मांडीवर मुतलं.

"हे कुणी शिकवलं ह्याला?" नवऱ्यानं विचारलं.

"त्याच्या मायनं," सासू म्हणाली. "स्वतःच लेकरू हाय, तिला काय कळतंय!"

सासरा म्हणाला, "कापूस सारा तुडवला."

दिवाळीपर्यंत पोरगं बापाच्या हातून जेमतेम भाकरी घ्यायला लागलं, तोच ट्रक पुन्हा दारात.

आता पोराला मिसरूड फुटलंय. बाप घरात आला की तो अजून भरल्या ताटावरून उठतो. मी जे बोलले ते माझं चुकलं, त्याला मी सांगितलंय. आता सासऱ्याला म्हणते, मामा, तुमी बोला. ओट्यावर तंबाखू मळत बहिरेपणाचं सोंग पुरे. नातवाला समोर बसवा आणि सांगा, घरीच राहतो म्हणून तुमी सांगितलेला त्याचा बाप घरात का नव्हता?