लिफ्टवाल्या ताईंच्या पायऱ्या

त्या इमारतीत सात मजले, एक लिफ्ट आणि एकच ताई. लिफ्ट जुनी, जाळीच्या सरकत्या दाराची, पितळी हँडलवर चालणारी. हँडल सोडायला क्षणभर उशीर झाला की लिफ्ट मजल्याच्या चार बोटं वर थांबते आणि उतरणारा माणूस ठेचकाळतो. ताईंच्या हातून सव्वीस वर्षांत कुणी ठेचकाळलं नव्हतं. त्या सुट्टीवर असल्या आणि बदली माणूस आला, की चौथ्या मजल्यावरचे वकीलसाहेब पोटातलं सगळं हलल्याची तक्रार करायचे. ही तक्रार ताईंना फार आवडायची. दोन-दोनदा विचारून ऐकायच्या.

पण या कसबापायी ताई सव्वीस वर्षं एका स्टुलावर बसून होत्या. रोज शंभरदा वर जायच्या, त्याही बसूनच.

मग त्यांच्या धाकट्या भावाच्या किडन्यांनी हात टेकले. भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आईवडील लवकर गेल्यामुळे ताईंनीच त्याला वाढवलेलं. आता आठवड्यातले तीन दिवस तो डायलिसिसच्या खुर्चीत, आणि उरलेल्या दिवसांत ब्रश धरायचं त्राण नाही. ताईंचा रक्तगट जुळला, पुढच्या तपासण्याही जुळल्या. घरी येऊन त्यांनी जाहीर करून टाकलं, "झालं तर मग. एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे."

"ताई, माझ्यासाठी आता आणखी काही करू नकोस," भाऊ म्हणाला.

"तुला विचारलंय कुणी?" ताई म्हणाल्या आणि जेवायला वाढायला लागल्या.

अडलं ते हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंकडे. बीपीचा वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न. मग ताईंना आडवं करून दंडांना आणि घोट्यांना पट्टे बांधले आणि हृदयाच्या ठोक्याची लाट पायापर्यंत किती वेगाने पोचते ते यंत्राने मोजलं. लाट भलतीच घाईत होती.

"म्हणजे जोरात चाललंय. चांगलंच की," ताई म्हणाल्या.

"उलट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठी रक्तवाहिनी लवचिक असली की ठोक्यासरशी जरा फुगते, धक्का स्वतः सोसते आणि रक्त बेताबेताने पुढे सोडते. तुमच्या वाहिन्या ताठ झाल्यात. धक्का तसाच पुढे जातो आणि किडनीसारख्या नाजूक जागी आदळतो. अशात तुमची एक किडनी काढली, तर उद्या माझ्याकडे एकाऐवजी दोन पेशंट."

ताईंना ते लगेच कळलं. आपल्या आत कुणीतरी बदली माणूस हँडलवर बसलाय आणि प्रत्येक मजल्यावर दणके देतोय. त्यांना त्याची मनापासून लाज वाटली.

"हे सुधारतं का?"

"बरंचसं. रोज भराभर चाला, जिने चढा. रक्त जोरात वाहायला लागलं की वाहिन्यांचं आतलं अस्तर त्यांना सैल करायला शिकतं. पण रोज. दोन दिवस चढायचं आणि चार दिवस बसायचं, असलं चालणार नाही. सोबत ही गोळी. तीन महिन्यांनी आकडा एकशे तीसच्या आत आला तर पुढचं बोलू."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईंनी लिफ्टला कुलूप घातलं, पदर खोचला आणि जिन्याला लागल्या. दुसऱ्या मजल्यावर छातीचा भाता झाला, तिसऱ्यावर कठडा धरून बसल्या. वकीलसाहेब खाली उतरत होते. "ताई, लिफ्ट बंद आहे का?" "लिफ्ट ठीक आहे, मीच बंद पडलेय," ताई म्हणाल्या. महिन्याभरात चौथा मजला आला, दोन महिन्यांत सातवा, आणि मग न थांबता सातवा दोनदा. सकाळी कामावर येताना त्या बसच्या तीन थांब्यांचं अंतर चालून यायच्या, तेही अशा झपाट्याने की मागून हाक मारणाऱ्याने नाद सोडावा. ताप आला त्या दोन दिवसांखेरीज एक दिवस चुकला नाही. आमच्यासारखे लोक नव्या वर्षाला नवे बूट घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात ते पलंगाखाली सरकवतात. ताईंनी बूटसुद्धा घेतले नव्हते.

तीन महिने झाले. ताई हॉस्पिटलात गेल्या, तपासणीच्या खोलीत नर्सने पट्टा बांधला, आणि आकडा आला एकशे छप्पन्न. पुढच्या आठवड्यात एकशे चोपन्न. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही कसूर केली नाहीत, दिसतंय मला. पण यावर मी सही करू शकत नाही. भावासाठी आपण दुसरी सोय बघू."

दुसरी सोय म्हणजे यादीत नाव आणि किती वर्षं ते माहीत नाही. ताई बाहेर आल्या, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या आणि तिथेच बसून रडल्या. ज्या बाईने अख्खी इमारत सांभाळून वर पोचवली, तिला एक भाऊ पोचवता येईना.

पट्टा बांधणारी नर्स डबा धुवायला निघाली होती. तिने विचारलं, "इथे का बसलात? लिफ्ट आहे ना पलीकडे."

"दुसऱ्याच्या लिफ्टमध्ये मी बसत नाही," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "धक्के बसतात. येतानाही मी चढूनच येते."

"सहा मजले?"

"मग काय. एका दमात."

"आणि आल्या आल्या माझ्यापुढे हात करता?"

"लवकर नंबर लागावा म्हणून वरचे दोन मजले तर पळतेच."

नर्सने कपाळाला हात लावला. ताईंना तिने परत खोलीत नेलं, पाठ टेकून खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, आणि तोंडावर बोट. ताईंच्या आयुष्यातली सर्वांत लांब पंधरा मिनिटं गेली. मग पट्टा आवळला, सुटला.

एकशे सव्वीस.

डॉक्टरीणबाईंनी त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. चोवीस तासांचा पट्टा बांधला, लाटेचं यंत्र पुन्हा लावलं. लाट सावकाश झाली होती. आतल्या बदली माणसाचा हात बऱ्यापैकी बसला होता. त्यांनी सही केली, आणि त्या सहीकडे पाहून ताईंचा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशनला आता पाच महिने झाले. परवा भाऊ इमारतीत आला, सातव्या मजल्यावरच्या शिंप्याची पाटी रंगवायला. सवयीने लिफ्टसमोर उभा राहिला. जेवणाची सुट्टी होती. ताईंनी बाहेर येऊन कुलूप घातलं आणि रंगाचा डबा त्याच्या हातातून काढून घेतला.

"डॉक्टरीणबाईंनी तुला काय सांगितलंय?"

"हळूहळू चढायला. पण सात मजले, ताई?"

"माझी किडनी आहे ती," ताई म्हणाल्या. "तिची लिफ्टची सवय मी मोडलीय."

भाऊ हसला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, कठडा धरून. ताईंना दम लागला नव्हता, तरी त्याही थांबल्या.